पोकरमध्ये फ्लॉप (मधे उघडणारे पहिले तीन पत्ते) लागला नाही की बेट मारायची का चेक (काही न लावता पुढे)? दोन हँड टाकतोय, सांगा कोण बरोबर

ठाणेकर_बटणावर
मंडळी, मध्यंतरी पणजीला पोकर टूर्नामेंट खेळून आलो, मांडवीतल्या बोटीवरची, री-एंट्रीवाली (बाद झालं तरी परत पैसे भरून बसता येतं), बाय-इन (प्रवेशाचे पैसे) फार मोठं नाही. तिथल्या दोन हँडवरून मी आणि माझा मित्र येताना कोकणकन्येत जे भांडायला लागलो ते अजून व्हॉट्सअ‍ॅपवर चालूच आहे. त्याचं म्हणणं, दोन्हीकडे मी बरोबर उलटं केलं, जिथे मारायची तिथे चेक केलं आणि जिथे गप्प बसायचं तिथे बेट मारली. मला दोन्ही ठीक वाटतात. रिझल्ट मुद्दाम सांगत नाही कारण शेवटी कोणाकडे काय निघालं ते ऐकलं की सगळेच हुशार होतात.

हँड १. ब्लाइंड (पत्ते बघायच्या आधी दोघांनी सक्तीने टाकायचे) १०००/२०००, बिग ब्लाइंड अँटी (मोठ्या ब्लाइंडवाल्याने सगळ्यांतर्फे वेगळी टाकायची रक्कम) २०००. माझ्याकडे ६४,००० म्हणजे ३२ बीबी (बिग ब्लाइंड). मी कटऑफला (बटणाच्या आधीची जागा), इस्पिकचा एक्का आणि चौकटची राणी, ४४०० ओपन केलं (पहिली रेज). बटणवाल्याने, म्हणजे फ्लॉपनंतर सगळ्यात शेवटी बोलणाऱ्याने, कॉल (तेवढेच टाकले; हेडफोनवाला पोरगा, विचार करून खेळणारा), बिग ब्लाइंडला एक काका, त्यांचाही कॉल. पॉट १६,२००. फ्लॉप बदामची नव्वी, बदामची अठ्ठी, किलवरची छक्की. काका चेक, मी चेक, बटणने ८००० टाकले, काकांचा कॉल, मी फोल्ड (पत्ते टाकले). मित्र म्हणतो, "ओपन तू केलंस, मग स्टोरी पूर्ण कर ना, अर्धा पॉट मारला असतास तर दोघं गेले असते."

हँड २. बरंच नंतर, २३ जण उरलेले, पैसे १८ जणांना. ब्लाइंड २०००/४०००, अँटी ४०००. माझ्याकडे ८८,००० म्हणजे २२ बीबी, मी बटणावर, इस्पिकचा गुलाम इस्पिकची दश्शी. ८००० ओपन. बिग ब्लाइंडला टेबलचा चिपलीडर, त्याच्याकडे दोन लाखाच्या वर, त्याने कॉल केला. पॉट २२,०००. फ्लॉप किलवरचा राजा, इस्पिकची सत्ती, चौकटची दुर्री. तो चेक, मी ७००० मारले, त्याने २०,००० केले, मी फोल्ड. मित्र म्हणतो, "काही म्हणजे काहीच लागलेलं नव्हतं, बबल (पैशात यायच्या जरा आधीची वेळ) तोंडावर, समोर चिपलीडर, ७००० नदीत टाकलेस."

तर फ्लॉप चुकला की मारायची कधी आणि कधी नाही? "डिपेंड्स" हे उत्तर नको, ते मित्राने पण दिलंय.

सदाशिवपेठी_निट
आता डिपेंड्स नको म्हणालात म्हणून थेट सांगतो, दोन्ही हँड तुम्ही नीट खेळलात, मित्राला चहा पाजा आणि पुढचं वाचायला द्या.

मुळात फ्लॉप चुकणं ही काही बातमी नाही. जोडी नसलेले कुठलेही दोन पत्ते घ्या, फ्लॉपवर जोडी किंवा त्याहून बरं काहीतरी लागायचा चान्स साधारण ३२ टक्के, म्हणजे तीनातले दोन फ्लॉप चुकायचेच आहेत, एक्का-राजाचे पण आणि सत्ती-दुर्रीचे पण. त्यामुळे "मला लागला का" हा प्रश्न बाजूला ठेवा आणि "हा फ्लॉप दोघांपैकी कोणाच्या पत्त्यांना जास्त चिकटतो आणि समोरचा किती वेळा सोडेल" एवढंच विचारा.

मित्राचं "ओपन केलंस म्हणजे मारायलाच हवी" हे जुन्या काळातलं ज्ञान आहे. डॅन हॅरिंग्टन, १९९५ चा वर्ल्ड सिरीज मेन इव्हेंट जिंकलेला आणि २००३, २००४ ला लागोपाठ फायनल टेबलला बसलेला माणूस, त्याच्यामुळे कंटिन्युएशन बेट (ओपन करणाऱ्यानेच फ्लॉपवर पुन्हा मारायची) घराघरात पोचली. तेव्हा ते चालायचंही, कारण लोक ३ बीबी आणि वर ओपन करायचे, ब्लाइंडवाला बऱ्यापैकी पत्ते असले तरच यायचा आणि फ्लॉप लागला नाही की सोडून द्यायचा. आता तुमचाच हँड २ बघा. तुम्ही ८००० केलेत, त्याला अजून ४००० टाकायचेत, पॉटमध्ये आधीच ब्लाइंड अँटी धरून १८,००० पडलेत. म्हणजे २२,००० च्या पॉटसाठी ४०००, त्याला १८ टक्के इक्विटी (जिंकायचा चान्स) पुरते. १८ टक्के तर कुठल्याही कचऱ्याला असते. त्यामुळे आजचा बिग ब्लाइंड राणी-पंजी, अठ्ठी-छक्की, जे काय हातात येईल ते घेऊन बसलेला असतो. ह्याचा एक फायदा आणि एक तोटा. राजा-सत्ती-दुर्रीसारखा कोरडा फ्लॉप आला की त्यातला बराचसा कचरा कचराच राहतो. नव्वी-अठ्ठी-छक्की आली की तोच कचरा सोनं होतो.

हँड १ घ्या. त्या फ्लॉपवर दश्शी-सत्ती आणि सत्ती-पंजी हे तयार स्ट्रेट (सलग पाच पत्ते) आहेत, कुठलीही एक सत्ती असली तरी ओपन-एंडेड (सलग चार, दोन्ही टोकांना लागू शकतं) आहे, गुलाम-दश्शी ओपन-एंडेड, दोन बदाम म्हणजे फ्लश ड्रॉ (एकाच रंगाचे पाच व्हायला एक कमी), वर बटणवाल्याकडे नव्व्या, अठ्ठ्या, छक्क्या अशा जोड्या असू शकतात कारण त्या त्याने री-रेज न करता कॉलच केल्या असत्या. तुमच्याकडे काय तर दोन मोठे पत्ते, बदामाचा पत्ता एकही नाही. बरं राणी आली समजा, तुम्हाला जोडी लागली, पण गुलाम-दश्शीवाल्याचा त्याच राणीवर स्ट्रेट लागतो. म्हणजे तुमचे सहा आउट्स (हात सुधारणारे पत्ते) कागदावरच सहा.

आणि समोर दोन जण आहेत हे मित्र विसरतोय. ८००० मारून १६,२०० उचलायचे तर साधारण ३३ टक्के वेळा दोघांनीही सोडलं पाहिजे. दोघं एकत्र ३३ टक्के म्हणजे प्रत्येकाने वेगवेगळं जवळजवळ ५८ टक्के सोडायला हवं. नव्वी-अठ्ठी-छक्की दोन बदामवर काका ५८ टक्के सोडणार? काकांना ओळखतो मी (तुमच्या नाही, पण सगळे सारखेच असतात).

हँड २ बरोबर उलटा. समोर एकच जण, तुम्ही पोझिशनमध्ये (त्याच्यानंतर बोलणारे), फ्लॉप तीन रंगांचा, कोरडा. एक्का-राजा, राजाची जोडी, एक्क्यांची जोडी हे तुमच्याकडे आहेत, त्याच्याकडे फारसे नाहीत कारण त्याने ते प्रीफ्लॉपलाच (फ्लॉपच्या आधीच) थ्री-बेट (री-रेज) केले असते. ७००० मारून २२,००० जिंकायचे तर २४ टक्के वेळा सुटलं की झालं. चारातून एकदा! त्याला तुमची बेट तोट्यात घालायची असेल तर ७६ टक्के पत्त्यांनी लढायला लागेल, आणि राणी-पंजी घेऊन राजा-सत्ती-दुर्रीवर कोण किती लढणार.

शिवाय गुलाम-दश्शी इस्पिक हा तिथे "काहीच नाही" असा हँड नाही. टर्नला (चौथा पत्ता) राणी आली तर ओपन-एंडेड, नव्वी आली तर दोन्हीकडून गटशॉट (मधला एक ठरावीक पत्ता हवा असलेला स्ट्रेट), अठ्ठी किंवा एक्का आला तर गटशॉट, इस्पिक आलं तर फ्लश ड्रॉ. मोजून बघा, न दिसलेल्या ४७ पत्त्यांपैकी २२ पत्त्यांवर पुढे मारायला काहीतरी हातात येतं. आणि चेक करून शोडाउनला (शेवटी पत्ते दाखवायला) गेलात तर गुलाम हाय (जोडी नाही, मोठा पत्ता गुलाम) कोणाला हरवणार? अशाच पत्त्यांनी मारायची असते.

कोल्हापुरी_कॉलर
निटभाऊ गणित एक नंबर पण हे सगळं सोडणाऱ्या माणसासमोर खरं. आपल्याकडच्या लाइव्ह टूर्नामेंटला सोडतंय कोण? माणूस सुट्टी काढून, हॉटेल करून, बोटीत बसून आलेला असतंय, त्याला पत्ते टाकून द्यायचे नसतात भावा, त्याला बघायचं असतंय. दुर्रीची जोडी लागली तरी ७००० काय म्हणून कॉल करणार. तीन पत्तीत चाल आली की चाल द्यायची हीच सवय सगळ्यांना, ती इथं घेऊन येतात.

माझा साधा हिशोब. टेबलवर तासभर बघायचं. जो फ्लॉपला कॉल करून टर्नला सोडतो त्याच्यावर एकदा न्हाई, दोनदा मारायची. जो रिव्हरपर्यंत (शेवटचा पाचवा पत्ता) येतोच येतो त्याच्यावर चुकल्यावर एक रुपया लावायचा न्हाई, लागल्यावर मात्र मोठी मारायची आणि लाजायचं न्हाई. सॉल्व्हर (गणिताने चाली काढणारा प्रोग्राम) काय म्हणतो ते सॉल्व्हरशी खेळताना.

हँड १ चेक बरोबर, ह्यात तर वादच नाही. हँड २ ला मी पण मारली असती, पण चिपलीडर कसला होता ते सांगितलंच नाहीस की. मोठा स्टॅक असलेला माणूस दोन जातीचा असतंय, एक जपून बसणारा आणि एक सगळ्यांना पिडणारा.

पत्तेवाटप_गोवा
मी डीलर. आधीच सांगतो, मी गोव्याचा, २०२० पासून गोव्याच्या लोकांना कॅसिनोत खेळायला बंदी आहे, काम केलेलं चालतं. म्हणजे दिवसभर पत्ते वाटायचे आणि बघायचे. त्यामुळे खेळ शिकवायला मी कोण, पण बघितलेलं सांगतो.

फ्लॉप चुकला की लोक बेट मारतात की नाही हा प्रश्न नंतरचा रे, किती मारतात त्यातच सगळं उघडं पडतं. चुकला की माणूस मोठी मारतो, पाऊण पॉट, पूर्ण पॉट, कारण त्याला समोरच्याने जावं असं वाटतं. सेट (तीन सारखे) लागला की बारीक मारतो, कारण राहावं असं वाटतं. दोन-तीन तासात टेबलवरच्या जरा लक्ष देणाऱ्या सगळ्यांना ते कळतं आणि मग त्याची मोठी बेट कोणी मानत नाही. ठाणेकर, तू राजा-सत्ती-दुर्रीवर राजा असताना पण ७०००च मारतोस का? मारत असशील तर ठीक. राजा असताना १२,००० आणि नसताना ७००० असं करत असशील तर तो चिपलीडर काय झोपलेला नव्हता.

दुसरं म्हणजे नजर. फ्लॉप लागलेला माणूस पटकन एकदा स्वतःच्या चिप्सकडे बघतो आणि मग कुठेतरी लांब, टीव्हीकडे वगैरे. चुकलेला फ्लॉपकडेच बघत बसतो, जसं काय बघितल्याने बदलणार आहे. हे शंभर टक्के नाही, पण नवीन लोकांच्यात खूप दिसतं. म्हणून फ्लॉप पडताना पत्त्यांकडे बघू नका, समोरच्यांकडे बघा, फ्लॉप कुठे पळून जात नाही.

तीन-चार जण आत असताना चुकलेल्या पत्त्यांनी मारलेली बेट सुटलेली मी क्वचित बघतो. कोणीतरी एक जण धरूनच ठेवतो.

ठाणेकर_बटणावर
डीलरभाऊ मस्त, साइजचं मी खरंच एकसारखं ठेवतो, तेवढं शिकलोय. निटभाऊ ते २२ पत्त्यांचं मोजणं भारी आहे, मी एवढं टेबलवर करत नाही, "मागचा दरवाजा आहे" (टर्न-रिव्हर दोन्ही जुळले तर लागेल) एवढंच डोक्यात होतं.

आता पुढचं विचारतो. समजा हँड १ च्या जागी एक्का-राजा आणि फ्लॉप अठ्ठी-पंजी-दुर्री तीन रंगांचा, समोर फक्त बिग ब्लाइंड. हे सगळ्यात जास्त वेळा होतं माझं. मारतो, कॉल येतो, टर्नला तिर्री येते, आणि मग मी पुतळा. परत मारायची का सोडायची? आणि स्टॅक लहान असला, १२-१५ बीबी, तर काही बदलतं का?

एडिसनवाली
मी न्यू जर्सीहून. आमच्याकडे २०१३ पासून ऑनलाइन कायदेशीर आहे त्यामुळे रात्री पोरं झोपली की बसते, तुमच्यासारखं गोव्याला जायला लागत नाही (ऑगस्ट २०२५ च्या कायद्यानंतर भारतात ऑनलाइन पैशाचा पोकर बंदच झाला, माझ्या भावाने तर अकाउंट, एचयूडी (समोरच्यांची आकडेवारी दाखवणारं सॉफ्टवेअर), सगळं आवरून ठेवलंय).

एक्का-राजावर. अठ्ठी-पंजी-दुर्रीवर एकदा बारीक मारणं ठीकच आहे, कारण समोरच्याकडे राणी-नव्वी, गुलाम-छक्की असले पत्ते भरपूर असतात आणि ते सुटले तर तुमचं भलंच आहे, त्यांना फुकट टर्न कशाला दाखवायचा. मागे सहा आउट्स आहेत, टर्नला लागायचा चान्स साधारण १३ टक्के, दोन्ही पत्ते बघायला मिळाले तर २४. पण कॉल आल्यावर समोरच्याकडे काय उरलं ते बघा. अठ्ठी, पंजी, मधल्या जोड्या, थोडे ड्रॉ. तिर्री आल्यावर ह्यातलं काहीच घाबरत नाही, उलट छक्की-चव्वीवाल्याचा तर स्ट्रेट पूर्ण होतो. तिथे मी चेक करते आणि स्वस्तात रिव्हर बघते. टर्नला राणी किंवा गुलाम आला असता तर परत मारली असती, तो पत्ता तुमच्याकडे असू शकतो आणि पंजीवाल्याला कॉल करताना पोटात गोळा येतो. म्हणजे दुसरी बेट स्वतःच्या पत्त्यांवर नाही, टर्न कोणाला घाबरवतो त्यावर.

लहान स्टॅकला तर खूप बदलतं. १२ बीबी आहेत, २ ला ओपन केलं, बिग ब्लाइंडचा कॉल, पॉट साडेपाच बीबी. तुम्ही २ मारले, उरले ८. त्याने ऑलइन (सगळ्या चिप्स आत) केलं. आता ८ टाकून साडेपंचवीसच्या पॉटसाठी खेळायचंय, साधारण ३१ टक्के हवेत. एक्का-राजाला अठ्ठीच्या जोडीसमोर २४-२५. म्हणजे सोडायचं, पण सोडताना जीव जातो, एवढी इक्विटी टाकून जायची. म्हणून एवढ्या कमी चिप्सवर "मारू आणि बघू" करू नका. मारायच्या आधीच ठरवा की रेज आली तर काय. सोडायला हलका असेल असा पत्ता घेऊन बारीक मारा, आणि एक्का-राजासारख्याला चेक तरी करा नाहीतर सरळ सगळं आत टाका.

आता हँड २, इथे मी निटदादांशी भांडणार. चिप्सचं गणित बरोबर आहे पण २३ जण आणि १८ पैसे हे त्यांनी धरलंच नाही. आयसीएमचं (चिप्सची बक्षिसात किती किंमत ते काढायचं गणित) साधं उदाहरण, तिघं उरलेत, चिप्स सारख्या, बक्षीस ५०, ३० आणि २० हजार. प्रत्येकाचा वाटा ३३,३३३. आता दोघांत ऑलइन झालं. जिंकणाऱ्याकडे दुप्पट चिप्स, पण त्याचा वाटा दुप्पट होत नाही, ४३,३३३ होतो. हरणारा २० हजार घेऊन घरी. म्हणजे १०,००० मिळवायला १३,३३३ पणाला, ५० नाही तर ५७ टक्के हवेत. आणि ह्यात मजा कोणाची, तर जो बाजूला बसून नुसतं बघत होता त्याची, एक पैसा न लावता त्याचे ३६,६६७ झाले. बबलच्या आसपास हे असंच चालतं. तुम्हाला आरामात बाहेर काढू शकेल असा माणूस टेबलवर, आणि तुम्ही नेमके त्याच्याशी पॉट वाढवताय. मी तिथे जास्त वेळा चेक बॅक (त्याच्या चेकवर आपणही चेक) करीन.

सदाशिवपेठी_निट
ताई, आयसीएम मान्य, पण ते ऑलइनच्या वेळेला चावतं. इथे ७००० लावलेत, ८०,००० पैकी. रेज आली, सोडलं, ७३,००० उरले म्हणजे १८ बीबीच्या वर, आयुष्य आहे. चिपलीडर आहे म्हणून घाबरून सगळंच चेक केलं तर तो बिग ब्लाइंडवरून प्रत्येक टर्नला मारून घेणार, मग बटणावरून ओपन तरी कशाला करायचं. फार तर साइज अजून कमी करा, ५५०० म्हणजे पाव पॉट, मग २० टक्के सुटलं तरी पुरे. साइज कमी ठेवा हे मी ऐकतो, मारूच नका हे नाही ऐकत.

कोल्हापुरी_कॉलर
दोघं बी खरं बोलताय पण चिपलीडर कसला ते ठाणेकर अजून सांगेना.

मित्र_तोच
मीच तो मित्र. लिंक ह्यानेच पाठवली, "बघ सगळे माझ्या बाजूने" म्हणून. हँड १ चं सोडतो, दोन जण आहेत हे मी धरलं नव्हतं असं नाही, पण ते ५८ टक्क्यांचं गणित बघितल्यावर बोलण्यासारखं काही राहिलं नाही.

पण हँड २ चं साहेबांनी अर्धंच लिहिलंय. मी मागे उभा होतो, माझं आधीच संपलेलं. तो चिपलीडर बिग ब्लाइंडवरून सारखा चेक-रेज (आधी चेक, समोरून बेट आली की रेज) मारत होता, त्या लेव्हलला तर दोघांना तसंच उडवलं होतं आणि एकदा दाखवलं, काहीही नव्हतं, राणी हाय. हे डोळ्यासमोर होऊनसुद्धा ह्याने बेट मारली आणि रेज आल्यावर सोडली. म्हणजे त्याला पाहिजे तेच केलं ना. आता बोला.

ठाणेकर_बटणावर
हो तो मारत होता हे खरंय. पण म्हणून मी बटणावरून चेक-चेक करत बसू का?

कोल्हापुरी_कॉलर
आता आलं बघा खरं. मी मगाशी म्हणलं ना दोन जातीचे. असल्यासमोर चुकल्यावर चेक करायचं आणि राजा लागला की बारीक मारून त्याला रेज मारू द्यायची, मग कॉल, टर्नला परत मारेल, परत कॉल. दोरी सोडत राहायची. मित्र बरोबर आहे इथं.

सदाशिवपेठी_निट
थांबा थांबा, अर्धंच बरोबर आहे. तो चेक-रेज मारतो ह्याने ७००० च्या बेटचा हिशोब आपोआप बिघडत नाही. तुम्ही रेजवर सोडणार असाल तर तो कॉल करो, रेज करो, ५०,००० करो, तुमचं जातंय ७०००च. प्रश्न तोच, चारातून एकदा तो सोडतो का. त्याची रेज कॉलच्या जागी येते की फोल्डच्या जागी येते ते महत्त्वाचं. जे पत्ते तो एरवी सोडणार होता ते घेऊन रेज मारत असेल, आणि मित्रांनी सांगितलेली ती राणी हाय तर अगदी तसलीच, तेव्हा फोल्ड खरंच कमी होतात. तरीही राजा-सत्ती-दुर्रीवर चारातून तीन वेळा लढायला माणूस वेडा लागतो. वेडा असू शकतो, ते टेबलवर बसलेल्याला माहीत.

असल्या माणसासमोर माझं वाटप वेगळं होतं एवढंच. जे पत्ते सोडताना दुखतं, म्हणजे त्याच फ्लॉपवर एक्का-राणी किंवा नव्वीची जोडी, ते मी चेक बॅक करतो, कारण त्यांना टर्न-रिव्हरला किंमत आहे आणि रेज आली की ती किंमत टाकून उठावं लागतं. जे सोडताना काहीच दुखत नाही ते मारतो. आणि राजा असला की कोल्हापूरकर म्हणतात तसं, मारतो आणि रेजवर बसून राहतो, त्यात बेट साइज तीच, डीलरभाऊंचं ऐकून. गुलाम-दश्शी मधल्या गटातली आहे, २२ पत्त्यांवर काहीतरी येतं पण लगेच काही नाही. मी मारीन. चेक केलं म्हणून कोणाला हसणार नाही.

मित्र_तोच
आणि रेजवर परत रेज? ७३,००० सरळ आत? तो हवेत मारतोय हे माहीत असताना?

एडिसनवाली
बबलवर गुलाम हाय घेऊन? त्याने कॉल केला की तुम्ही थेट किनाऱ्यावर. हवेत मारणाऱ्याकडे पण कधीतरी सत्ती-दुर्री निघते, बिग ब्लाइंडवर बसलेला आहे तो, दोन्ही असतात त्याच्याकडे. करायचंच असेल तर बबल फुटल्यावर, आणि हातात एक्का असलेला पत्ता घेऊन, म्हणजे त्याच्याकडे एक्का-राजा असायचा चान्स तरी कमी होतो आणि कॉल आलाच तर तीन आउट्स तरी असतात. निटदादा, तुमचं ते दुखणारे आणि न दुखणारे पत्ते हे वाटप मला पटलं, त्याच हिशोबाने मी गुलाम-दश्शी दुखणाऱ्यात टाकते कारण पोझिशनमध्ये फुकट टर्न मिळतोय आणि ४७ पैकी २२ तुम्हीच मोजलेत.

सदाशिवपेठी_निट
स्वतःचेच २२ पत्ते अंगावर आले की. पण ताई, त्यातले निम्मे गटशॉट आहेत, चार आउट्सचे, त्याला काय दुखणं म्हणायचं.

एडिसनवाली
निम्मे नाहीत, अठ्ठ्या आणि एक्के मिळून आठ, त्यातली इस्पिकची अठ्ठी आणि इस्पिकचा एक्का फ्लश ड्रॉ पण देतात, म्हणजे नुसते गटशॉट सहाच. बाकी सोळा चांगले.

सदाशिवपेठी_निट
बरं सहा. तरी मारीन.

पत्तेवाटप_गोवा
असा वाद टेबलवर चालू झाला की फ्लोअरवाला (टूर्नामेंटचा पंच) घड्याळ लावतो रे.